कलकत्त्याच्या टेलिफोनघरातला काटा

कलकत्त्याहून परत आले त्याला आता महिना होत आला. भेटेल तो विचारतो, कालीघाट पाहिलंस का, दक्षिणेश्वराला गेलीस का. मी हो म्हणते, कारण इंदूकाकूंनी मला एकही देऊळ चुकवू दिलं नाही. पण त्या शहरातले दिवस आठवू लागले की माझ्या डोळ्यांपुढे येतात ते टेलिफोनवर काम करणाऱ्या मुलींचे पाय. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटतं, म्हणून पहिल्यापासून सांगते.

मी पुण्यात एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. माणूस मन लावून काम करतो तेव्हा त्या मनावर किती भार पडतो, हे त्याच्या शरीरावरून मोजता येईल का, या प्रश्नाने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे. मनावर ताण आला की तळहात-तळपायांना किंचित घाम सुटतो, इतका किंचित की आपल्याला कळतही नाही. पण त्वचेला दोन पत्र्याच्या चकत्या लावून बॅटरीची अगदी सौम्य वीज सोडली, तर त्या घामातून ती अधिक सहज वाहते आणि यंत्रावरचा काटा पुढे सरकतो. असं यंत्र पुण्यात आमच्याकडे नव्हतं. कलकत्त्याच्या अमियबाबूंकडे होतं. त्यांनी हिवाळ्यात येऊन काम शिकायची परवानगी दिली, आणि मार्गशीर्षात मी निघाले.

बेहाला

उतरले ती दत्ताकाकांच्या घरी, बेहालाला. दत्ताकाका माझ्या वडिलांचे दूरचे चुलतभाऊ. त्यांचा जन्मच कलकत्त्याचा, आयुष्य तिथल्या शाळेत गणित शिकवण्यात गेलेलं. घरात मराठी बोलतात, पण तिला कलकत्त्याचं पाणी लागलेलं आहे. पहिल्या दिवशी दारात पाऊल ठेवताच त्यांनी विचारलं, "वसुधा, आधी पाणी खाणार की चहा खाणार?" बंगाली माणूस पाणी पीत नाही, खातो. काका मराठीतही खातात. इंदूकाकू माहेरच्या साताऱ्याच्या. लग्नानंतर इतकी वर्षं त्या काकांची ही एक गोष्ट सुधारू पाहत आहेत आणि मध्येच स्वतःच "जरा पाणी खाते" म्हणून मोकळ्या होतात.

मी पुण्याहून थालीपिठाची भाजणी नेली होती. काकूंनी त्याच संध्याकाळी थालीपीठं लावली, पण मोहरीच्या तेलावर. पहिला घास नाकात चढला आणि डोळ्यांत पाणी आलं. काकूंना वाटलं मला घरची आठवण झाली. त्यांनी पाठीवरून हात फिरवला, आणि इतक्या मायेने फिरवला की खरं कारण सांगायचं माझ्या जिवावर आलं. आठवड्याभरात मात्र मला ते तेल आवडू लागलं. मुरमुऱ्यांवर ते कच्चं ओतून, कांदा-मिरची कालवून खायची गोडी लागली ती अजून सुटलेली नाही.

बेहालाची ट्राम धर्मतल्ल्याला नेते आणि तिथून दुसरी सियालदहकडे. एकदा मी यंत्राची लाकडी पेटी दुरुस्तीनंतर मांडीवर घेऊन चालले होते. शेजारच्या गृहस्थांनी कानटोपी मागे सारून विचारलं, हार्मोनियम आहे का. मी म्हटलं, नाही, मनावरचा भार मोजायचं यंत्र आहे. ही बातमी ट्रामभर पसरली. एकाने ठासून सांगितलं की मन मोजता येत नाही, दुसऱ्याने त्याला विरोध केला, आणि उतरण्याच्या आत तीन जणांनी माझ्यापुढे तळहात पसरले. मी ज्योतिषीण नाही असं सांगितल्यावर त्यांची निराशा झाली, पण पेटी खाली उतरवायला तिघांनीही हात लावला. पुण्यात अशी पेटी घेऊन बसले असते तर कुणी विचारलं नसतं आणि कुणी उतरवलीही नसती.

सियालदह

अमियबाबूंची प्रयोगशाळा सियालदह स्टेशनाजवळ एका कॉलेजच्या मागच्या बाजूला होती. रोज सकाळी मी स्टेशनापुढून जात असे. एका अंगाला घाऊक बाजारात संत्र्यांच्या राशी, त्यांचा वास थेट रस्त्यापर्यंत; दुसऱ्या अंगाला फलाटावर, पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांचे संसार. चटईचे आडोसे, विटांची चूल, दोरीवर वाळणारी साडी, आणि त्यांच्यामधून वाट काढत कचेरीला निघालेली गावाकडची गर्दी. पहिल्या दिवशी मी तिथे थांबले. मग थांबायची लाज वाटू लागली.

अमियबाबू उंच, किडकिडीत, खांद्यावर कायम शाल. बोलणं इंग्रजीत, रागावणं बंगालीत. त्यांनी पहिल्यांदा मलाच खुर्चीवर बसवलं, बोटांना चकत्या बांधल्या आणि विचारलं, सतरा गुणिले साडेतीन किती. मी लगेच म्हटलं, साडेएकोणसाठ. काटा हलला नाही. त्यांनी आणखी दोन गुणाकार घातले. उत्तरं बरोबर, काटा जागच्या जागी. ते खाली वाकून तारा तपासू लागले. मग मी त्यांना सांगितलं की माझ्या वडिलांनी लहानपणी माझ्याकडून औटकी पाठ करून घेतली आहे, साडेतीनचा पाढा. मला विचार करावाच लागत नाही. ते खूश होऊन हसले आणि म्हणाले, आता एक वाक्य बंगालीत बोला. मी तोंड उघडायच्या आत काटा टोकाला गेला.

"बघा," ते म्हणाले. "काम अवघड आहे की सोपं हे कामात नसतं. ते करणाऱ्यात असतं."

त्या हिवाळ्यात त्यांच्याकडे एक मोठं काम आलं होतं. शहरातल्या एका टेलिफोनघरात लांबच्या गावांसाठी नवा ट्रंक विभाग निघणार होता आणि त्यासाठी हंगामी मुलींमधून काहींना कायम करायचं होतं. तिथल्या एका अधिकाऱ्याने या यंत्राबद्दल ऐकलं होतं. कामाची गर्दी उसळली की कुणाचं लक्ष स्थिर राहतं आणि कुणाचं नाही, हे काट्यावरून ठरवावं असं त्याच्या मनात होतं. ज्यांचा काटा फार उडेल त्यांना हंगाम संपताच घरी पाठवायचं. अमियबाबूंना बदल्यात नवं, आपोआप रेघ ओढणारं यंत्र मिळण्याची आशा होती. त्यांचं जुनं यंत्र त्यांच्याइतकंच खोकत असे, त्यामुळे त्या आशेचं मला नवल वाटलं नाही.

टेलिफोनघर

टेलिफोनघर म्हणजे एक लांब खोली. भिंतीशी उंच बोर्ड, त्यावर ओळीने भोकं आणि इवले दिवे. समोर उंच स्टुलांवर पंधरा-वीस मुली, कानाला यंत्र लावून. कुणी घरी फोन उचलला की इथे दिवा लागतो. मुलगी दोरीची पिन त्या भोकात घालते, "नंबर प्लीज" म्हणते आणि दुसरी पिन हव्या त्या नंबरात खुपसते. खोलीभर एकाच वेळी बोलणं चालू, आणि तरी गोंगाट नाही. मधमाश्यांच्या पोळ्याजवळ उभं राहिल्यासारखं वाटतं.

दोन्ही हात कामात असल्यामुळे चकत्या बोटांना लावता येईनात. म्हणून तळपायाला लावायच्या ठरल्या, आणि ते काम माझ्याकडे आलं. मी पहिल्या मुलीपुढे जमिनीवर बसून तिच्या पायाला हात लावला मात्र, तिने पाय स्टुलावर ओढून घेतला. वयाने मोठ्या बाईने पायाला हात लावायचा म्हणजे पाप, हे तिचं म्हणणं मला समजावून सांगावं लागलं नाही, आपल्याकडेही हेच. शेवटी तोडगा निघाला. मी चकती बांधायची आणि काम झालं की त्या मुलीने मला वाकून नमस्कार करायचा, म्हणजे फिटंफाट. संध्याकाळपर्यंत मी इतके आशीर्वाद दिले की शब्द संपले.

तिथल्या देखरेखीच्या बाई मिसेस डिक्रूझ. गोऱ्या-काळ्या रक्ताच्या, कलकत्त्यातच जन्मलेल्या, करड्या केसांच्या, टाचांचा टकटक आवाज करत मागून फिरणाऱ्या. असेच नमस्कार चालले तर ईस्टरपर्यंत आपण इथेच असू, एवढं त्या म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या बसण्यासाठी घरून एक उशी आणली.

त्या मुलींमध्ये बकुल होती. पंचविशीच्या आतली, सावळी, केस घट्ट बांधलेले, टाचांना भेगा पडलेल्या. रोज डमडमहून गाडीने सियालदहला येई आणि तिथून चालत. आईला तिच्यावाचून कुणी नव्हतं आणि ती हंगामी होती. तिचं काम मी पहिल्या दिवसापासून पाहत होते. चुकीचा नंबर जोडलेला कधी दिसला नाही. आणि तिचा काटा मात्र वेड्यासारखा उडायचा. एकदा नाही, तासात कितीतरी वेळा. बाकीच्यांचे काटे गर्दीबरोबर हळूहळू चढत, गर्दी ओसरली की उतरत. हिचा अचानक उसळी घेई आणि खाली येई.

अधिकारी येऊन तो काटा पाहून गेले. जाता जाता अमियबाबूंना म्हणाले, ही मुलगी फारच घाबरट दिसते. बकुलने ते ऐकलं. तिने मान वळवली नाही, पण हातातली पिन क्षणभर हवेत थांबली.

डमडम

संक्रांतीला बकुलने मला घरी बोलावलं. इंदूकाकूंनी तिळगुळाचा डबा दिला आणि बजावलं, मासा समोर आला तर नाक मुरडू नकोस.

डमडमला निर्वासितांची वस्ती होती. बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, पत्र्याचं छप्पर, दारापुढे सारवलेलं अंगण आणि त्यात लावलेला पालक. जवळच विमानतळ. विमान डोक्यावरून गेलं की सगळी वस्ती बोलायची थांबते आणि गेल्यावर वाक्य जिथे सोडलं तिथून उचलते. बकुलच्या आईने मला पाटावर बसवून पाटीशापटा वाढल्या: तांदळाच्या पिठाची पातळ धिरडी, आत नारळ आणि खजुराच्या नव्या गुळाचं सारण. खांडवी, उकडीचे मोदक सगळं एका घासात आठवलं. मी तिळगूळ दिला आणि तो देताना आपण काय म्हणतो ते सांगितलं. गोड बोलायचं, हे ऐकून बकुल म्हणाली की तिला तर त्याचाच पगार मिळतो. मासा आलाच नाही. मी खाणार नाही हे ओळखून त्यांनी त्या दिवशी स्वतःही केला नव्हता.

सहावं पान मांडलेलं पाहून मी विचारलं, आणखी कुणी यायचं आहे का. शेजारच्या दोघी जेवायला होत्या, पण तरी एक पान उरत होतं. आई काहीतरी बोलली, मला तिची बोली कळली नाही. बकुलने भाषांतर केलं नाही.

स्टेशनावर पोचवायला आली तेव्हा तिने आपणहून सांगितलं. ते उरलेलं पान तिच्या थोरल्या भावाचं, सुबलचं. गाव सोडताना त्याने आईला आणि तिला गाडीत बसवलं आणि मागचं आवरून येतो म्हणाला. तो आलाच नाही. पुढे कुणीतरी त्याला कलकत्त्यात पाहिल्याचं सांगितलं, तेही ऐकीव. गावी तो औषधांच्या दुकानात होता. इथेही तशाच दुकानात असला तर दुकानात फोन असेल.

"पूर्वेकडचा आवाज कानावर आला की मी ऐकते," ती म्हणाली. "एवढंच. कलकत्त्याचे लोक 'कुठे'ला 'कोथाय' म्हणतात, आमच्याकडचे 'कोई' म्हणतात. एका शब्दात कळतं. आणि तो नाही हेही एका शब्दात कळतं."

तेव्हा काटा कशाने उडत होता ते मला समजलं. ती घाबरत नव्हती. ती दर वेळी आशा धरत होती.

बोलणाऱ्यांकडे असं कान लावणं नियमाविरुद्ध होतं. तिने माझा हात धरून विनवलं की हे कुणाला सांगू नका, नोकरी जाईल. मी वचन दिलं. गाडी हलली तशी ध्यानात आलं की न सांगितलं तरी तिची नोकरी जाणारच आहे.

पुन्हा टेलिफोनघर

त्या रात्री विचार करून मी दुसऱ्या दिवशी अमियबाबूंना एकच विनंती केली: बकुलवरचं काम मुद्दाम वाढवून पाहू. मिसेस डिक्रूझनी शेजारच्या दोघींचे दिवे तिच्याकडे वळवले. बकुलचे हात दुप्पट वेगाने चालू लागले, काटा इतरांसारखाच सावकाश चढला. मग काम अगदी कमी केलं. खोलीत शांतता असताना, एका साध्या कॉलवर काटा उसळला.

प्रयोगशाळेत परत आल्यावर अमियबाबूंनी विचारलं, "कामाच्या भाराने नाही, तर हा काटा कशाने उडतो?"

मी म्हटलं, "मला माहीत आहे. पण सांगायचं नाही असं वचन दिलंय."

मला वाटलं ते रागावतील. शिकायला आलेल्या बाईने गुरूला असं सांगणं म्हणजे जरा जास्तच होतं. ते खिडकीशी गेले, खालून जाणारी ट्राम पाहिली आणि शाल सारखी केली.

"माणसाच्या आत काहीतरी झालं, एवढं काटा सांगतो," ते म्हणाले. "काय झालं ते त्याला ठाऊक नसतं. मग त्याच्या सांगण्यावरून कुणाला घरी पाठवायचा मला काय अधिकार?"

त्यांनी तसंच कळवलं: या यंत्राने माणसं निवडू नयेत, काम पाहून निवडावीत. अधिकारी नाराज झाले. नव्या यंत्राचं बोलणं तिथेच संपलं. अमियबाबू दोन दिवस बंगालीत बोलत होते, मग पूर्ववत झाले. मुलींची निवड मिसेस डिक्रूझच्या शब्दावर झाली आणि बकुल कायम झाली.

मी मिसेस डिक्रूझचे आभार मानायला गेले. त्यांनी चहा मागवला. विषय त्यांनीच काढला; बकुल कशासाठी कान लावते ते त्यांना केव्हाच माहीत होतं. त्या म्हणाल्या, "या खोलीतली प्रत्येक मुलगी कुणाच्या तरी आवाजाची वाट पाहते. पिन बरोबर भोकात गेली की माझं भागतं."

परतायच्या आधी मी स्वतःच्या अभ्यासासाठी, ज्या मुली राजी होत्या त्यांच्याबरोबर काही दिवस मोजणी चालू ठेवली. बकुल आपणहून पुढे आली. मी तिच्या पायाला चकत्या बांधून खाली उशीवर बसले होते. दिवा लागला, काटा उसळला. रोजचंच. पण या वेळी तो खाली आला नाही. वर पाहिलं तर बकुल नंबर न जोडता विचारत होती, "आपनेर बाडी कोई?" तुमचं घर कुठलं? नियमात न बसणारे शब्द, आणि तेही खुल्या आवाजात. मिसेस डिक्रूझ तिच्या मागेच उभ्या होत्या. त्या वळल्या, खिडकीपाशी गेल्या आणि बाहेर पाहत राहिल्या.

काटा टोकाला जाऊन थरथरत होता. ते वाचत बसणं मला नकोसं झालं. मी वाकून बॅटरीची तार काढली.

फोनवरचा माणूस सुबल नव्हता. पण तिच्याच तालुक्यातला होता, औषधांचा फिरता विक्रेता. सुबल हे नाव ऐकून तो म्हणाला की त्या बाजूचा त्या नावाचा एक जण बेहालाला एका औषधांच्या दुकानात त्याने पाहिला होता, दुर्गापूजेच्या सुमाराला.

बेहालाचा एकूण एक दुकानदार दत्ताकाकांचा विद्यार्थी किंवा विद्यार्थ्याचा बाप. संध्याकाळी काका, बकुल आणि मी निघालो. तिसऱ्या दुकानाच्या मालकाने काकांना वाकून नमस्कार केला आणि बकुलकडे पाहतच राहिला. चेहरा सारखाच आहे म्हणाला. सुबल पूजेपर्यंत त्याच्याकडे कामाला होता. दर रविवारी सियालदहला जाऊन फलाटावर आई-बहिणीला शोधत असे. बकुल आठवड्याचे सगळे दिवस त्याच फलाटावरून जायची, फक्त रविवारी तिला सुट्टी. पूजेनंतर तो उत्तरेला एका चहाच्या मळ्यावर, तिथल्या दवाखान्यात औषधं द्यायच्या कामावर गेला. मळ्याचं नाव मालकाला माहीत होतं.

बकुल दुकानाच्या पायरीवर बसली. काकांनी तिच्यासाठी पाणी मागवलं आणि मराठीतच म्हणाले, "बाळ, आधी पाणी खा." तिला ते अक्षरशः कळलं असावं. तिने पेला घेतला.

मळ्यावर कळवलं, पण उत्तर यायच्या आत माझा निघायचा दिवस आला. हावड्याला काकू, काका, अमियबाबू, सगळे आले होते. बकुल गाडी सुटायच्या बेताला धावत आली, केसांची पिन निसटलेली. उशीर का झाला ते तिने हसत सांगितलं. दुपारी तिने एका वकिलाचा फोन चक्क मिठाईच्या दुकानाला जोडून दिला. आयुष्यातला तिचा पहिला चुकीचा नंबर. मिसेस डिक्रूझ सगळ्यांदेखत रागे भरल्या आणि त्यांनी तिला थांबवून ठेवलं.

"आता मला आवाज ऐकूच येत नाहीत," ती म्हणाली. "सगळं लक्ष मळ्याच्या उत्तराकडे. कामात अजिबात राहत नाही, दीदी."

मग ती वाकली आणि मी तिला आशीर्वाद दिला, तोपर्यंत डबा हलू लागला होता.